कुंडी बदलल्यानंतरचा महिना : आफ्रिकन व्हायोलेटविषयी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आफ्रिकन व्हायोलेटची कुंडी कशी बदलावी, याची माहिती बागकामाच्या सदरांतून अधूनमधून येते आणि ती बहुधा बरोबर असते. पण ती जिथे संपते तिथून पुढेच रोपाला खरा धोका असतो. ‘रोप नव्या कुंडीत लावा, पाणी घाला, उजेडात ठेवा’ एवढे सांगून लेख थांबतो. चार दिवसांनी पाने मलूल होतात, घरातले कुणीतरी आणखी पाणी घालते, आणि काही आठवड्यांत मधला गाभा काळा पडून रोप अलगद हातात येते. मग दोष कुंडीला, मातीला किंवा ‘नाजूक जातीला’ दिला जातो. प्रत्यक्षात कुंडी बदललेले व्हायोलेट तहानेने क्वचित मरते. ते मरते पाण्याने. म्हणून त्या पुढच्या महिन्यात काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, ते सविस्तर लिहीत आहे.

आधी या रोपाची मुळे समजून घ्यायला हवीत. हे झाड मूळचे टांझानियाच्या आणि लगतच्या केनियाच्या डोंगराळ जंगलांतले. टांझानियातल्या उसांबारा डोंगरातून तिथले जर्मन अधिकारी बॅरन वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेर यांनी ते १८९२ च्या सुमारास जर्मनीला पाठवले आणि १८९३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हेर्मान वेंडलँड यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. सेंटपॉलिया हे नाव तेव्हापासूनचे. हल्ली वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला स्ट्रेप्टोकार्पस या प्रजातीत धरतात. जंगलात ते दाट सावलीत, खडकांच्या कपारींत, शेवाळ आणि पालापाचोळ्याच्या पातळ थरात वाढते. त्यामुळे मुळे बारीक, उथळ आणि हवेला सोकावलेली. त्यांना ओल हवी, पण ओलीइतकीच हवाही हवी. चिंब, घट्ट मिश्रणात हवेची पोकळी उरत नाही, मुळांना प्राणवायू मिळत नाही, आणि अशा गुदमरलेल्या मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे कुजवणारे रोग सहज बसतात.

कुंडी बदलताना, कितीही जपून काम केले तरी, पाणी शोषणारी केसांसारखी बारीक मुळे तुटतात. पाने मात्र पूर्वीइतकीच असतात आणि त्यांतून बाष्प जातच राहते. म्हणजे खर्च तेवढाच आणि आवक कमी. पाने मान टाकतात ती यामुळे. कुंडीत पाणी असूनही झाड ते उचलू शकत नाही, हे एकदा लक्षात आले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. अशा वेळी मुळांना आणखी पाणी देऊन काही साधत नाही. पानांमधून जाणारे पाणी रोखावे लागते.

देखभाल किती करायची, हे मुळांना किती धक्का लागला यावर ठरते. मुळांचा गोळा न मोडता रोप तसेच थोड्या मोठ्या कुंडीत सरकवले असेल तर धक्का जवळजवळ नाहीच. नेहमीचे पाणी, दोन-तीन दिवस थोडा सौम्य उजेड, एवढे पुरे. पण जुन्या रोपाची खालची पाने गळून गाभ्याखाली उघडी ‘मान’ झाली असेल, ती मान खरवडून, गोळ्याचा तळ कापून रोप खाली बसवले असेल, तर ती शस्त्रक्रियाच आहे. मान जेवढी उघडी तेवढाच गोळा तळातून कापायचा : दोन सेंटिमीटर मान असेल तर दोन सेंटिमीटर. मग मिश्रण सर्वांत खालच्या पानांच्या देठांपर्यंत भरायचे. गाभा, म्हणजे नवी पाने फुटतात तो मधला भाग, कधीही मिश्रणाखाली जाता कामा नये. पुरलेल्या मानेतून तीन-चार आठवड्यांत नवी मुळे फुटतात आणि तोवर रोप तुटपुंज्या मुळांवर जगत असते. पुढचे लिखाण मुख्यतः अशा रोपांसाठी आहे.

कुंडी आणि मिश्रण चुकले असेल तर नंतरची काळजी फारशी कामाची नाही, म्हणून त्याविषयी थोडक्यात. पानांचा घेर आरपार मोजून जेवढा भरेल, त्याच्या एक तृतीयांश व्यासाची कुंडी. नऊ इंच घेराला तीन इंची. मोठ्या जातींच्या पूर्ण वाढलेल्या रोपाला चार इंचांपेक्षा मोठी कुंडी सहसा लागत नाही. छोट्या जातींना दोन-अडीच इंच पुरते. ‘वाढायला जागा हवी’ म्हणून सहा इंची कुंडी दिली की मुळे न पोहोचलेले मिश्रण कित्येक दिवस ओलेच राहते आणि कूज तिथून सुरू होते. मिश्रणात पीट मॉस (दलदलीतले अर्धवट कुजलेले शेवाळ) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, पर्लाइट (भाजून फुगवलेले पांढरे, हलके ज्वालामुखी खडे) एक भाग आणि व्हर्मिक्युलाइट (भाजून फुगवलेले अभ्रकासारखे खनिज) एक भाग. बागेतली माती नको, गांडूळखतही नको. लहान कुंडीत दोन्ही दाबून बसतात. ‘व्हायोलेटसाठी’ म्हणून मिळणारे तयार मिश्रणही बरेचदा जड असते. हातात घेऊन पाहावे आणि जड वाटले तर त्यात भरपूर पर्लाइट मिसळावे. कोकोपीट वापरण्यापूर्वी भिजवून दोन-तीन पाण्यांतून पिळून काढावे, कारण त्यात क्षार असू शकतात आणि ताज्या जखमांच्या मुळांना ते सोसत नाहीत. पर्लाइट ओले करूनच हाताळावे; त्याची कोरडी धूळ श्वासात जाणे चांगले नाही.

तळाला खडे किंवा ठिकऱ्या घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. लहान कुंडीत तो उलटा पडतो. बारीक मिश्रणातले पाणी जाड खड्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही, ते खड्यांच्या वर अडून बसते. म्हणजे तळाशी असणारा चिंब थर वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकातून मिश्रण सांडू नये म्हणून जाळीचा छोटा तुकडा पुरे.

मिश्रण भरताना ते आधीच ओलसर असावे. मुठीत दाबले तर गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये आणि बोट लावताच गोळा फुटावा. असे मिश्रण असेल तर लावल्या लावल्या भरपूर पाणी घालायची गरज उरत नाही. बोटांनी दाबून घट्ट करू नये. कुंडी टेबलावर दोन-तीनदा हलकेच आपटली की मिश्रण आपोआप बसते. दाबण्याचा मोह फार जणांना होतो, कारण रोप डुगडुगते. डुगडुगू द्यावे, हवे तर दोन काड्यांचा आधार द्यावा.

पहिले पाणी वरून, कुंडीच्या कडेकडेने, सावकाश द्यावे. तळाच्या भोकातून चार थेंब आले की थांबावे आणि ताटलीत जमलेले पाणी लगेच ओतून टाकावे. पाणी खोलीच्या तापमानाचे किंवा किंचित कोमट हवे. गार पाणी पानांवर पडले तर पानाच्या आतल्या पेशींना इजा होते आणि पिवळट-पांढुरक्या रेषा, वर्तुळे उमटतात. हे डाग बुरशीचे नसतात, औषधाने जात नाहीत; ते पान गळेपर्यंत राहतात. गाभ्यात पाणी साचले तर कागदी रुमालाच्या टोकाने किंवा कापसाने टिपून घ्यावे. हे पाणी दिल्यावर मिश्रण एखाद्या बाजूला खचते. तिथे थोडे भरावे, पण पुन्हा पाणी घालू नये.

यानंतर पिशवी. या एका उपायाने जितकी रोपे वाचतात तितकी दुसऱ्या कशानेही वाचत नाहीत असे माझे मत आहे, आणि सदरांमध्ये हाच उपाय वगळलेला दिसतो. कुंडीसकट रोप मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे, पानांना पिशवी टेकू नये म्हणून कडेला तीन-चार काड्या खोचाव्यात आणि तोंड सैलसर बांधावे. आत दमट हवा राहते, पानांतून पाणी जाणे मंदावते आणि मुळांना सावरायला वेळ मिळतो. पिशवीच्या आत हलके धुके धरणे योग्य आहे. थेंब ओघळू लागले तर ओल जास्त झाली. तोंड तास-दोन तास उघडे ठेवावे. पिशवीतल्या रोपाला पाणी घालायचे नाही, खत घालायचे नाही आणि थेट ऊन तर क्षणभरही लागू द्यायचे नाही; बंद पिशवीत उन्हाने तापमान इतके चढते की पाने शिजतात.

पिशवी दहा ते चौदा दिवस ठेवावी. मुळे बरीच कापली असतील तर तीन आठवडे. काढताना एकदम काढू नये. दमट हवेत राहिलेली पाने कोरड्या हवेत आली की तासाभरात माना टाकतात आणि मग तोच पाणी घालण्याचा घोळ सुरू होतो. पहिल्या दिवशी तोंड अर्धा तास उघडावे, दुसऱ्या दिवशी एक तास, असे वाढवत आठवड्याभरात पिशवी काढावी. मधे पाने मलूल झाली तर पुन्हा बंद करून दोन दिवस थांबावे. मुळे धरली की नाही हे पाहायला रोप वर ओढू नये. गाभ्याजवळ दोन बोटांनी धरून अगदी हलके बाजूला हलवावे. कुंडीकडून विरोध जाणवला तर मुळे धरली. गाभ्यात नवी, तजेलदार, लवदार पाने दिसणे ही दुसरी खूण.

पाणी द्यायची वेळ वारावर ठरवू नये. ‘आठवड्यातून दोनदा’ हा नियम कुणाच्याही उपयोगाचा नाही, कारण हवा, उजेड, कुंडी आणि मुळे सगळेच बदलत असते. कुंडी उचलून पाहावी. लावल्याच्या दिवशीचे वजन हाताला लक्षात ठेवले की हलकी झालेली कुंडी लगेच कळते. जोडीला बोट लावून पाहावे : वरचा एक सेंटिमीटर थर कोरडा लागला तर पाणी द्यावे. वरचा थर ओला असताना पाने कितीही केविलवाणी दिसली तरी पाणी द्यायचे नाही.

आता पाने मलूल होण्याविषयी, कारण सगळी गफलत इथे होते. पहिल्या चार-पाच दिवसांत बाहेरच्या रांगेतली पाने किंचित लोंबतात, गाभा मात्र ताठ आणि हिरवा असतो, कुंडी ओलसर असते. हा कुंडी बदलल्याचा धक्का आहे. पिशवी हाच उपाय. बाहेरची दोन-चार पाने पिवळी पडून गेली तरी काळजी नाही. देठ बाजूला वाकवून मुळापासून मोडून काढावीत, अर्धे देठ ठेवू नये, ते कुजते. दुसरा प्रकार : सगळी पाने मऊ पडली आहेत आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागते. ही खरी तहान. कुंडी दोन सेंटिमीटर कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटे ठेवावी, मग बाहेर काढून निथळू द्यावी. काही तासांत पाने उभी राहतात. तिसरा प्रकार घातक : पाने मऊ, कुंडी मात्र जड आणि ओली, मधली कोवळी पाने निस्तेज किंवा तपकिरी, देठांचे बुड पाणी भरल्यासारखे. ही कूज आहे. इथे एक दिवसही वाट पाहू नये.

रोप कुंडीतून काढून मिश्रण झटकावे आणि मुळे पाहावीत. निरोगी मूळ पांढरे किंवा फिकट मळकट आणि टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी, लिबलिबीत असते; दोन बोटांत ओढले की वरची साल निसटून आत नुसता दोरा उरतो. असे सगळे कापून टाकावे. मग धारदार, स्पिरिटने पुसलेल्या पात्याने मान आडवी कापत वर जावे. कापलेल्या भागात तपकिरी ठिपका किंवा वर्तुळ दिसत असेल तर आणखी एक चकती कापावी, पाते पुन्हा पुसावे. आतला गर एकसारखा फिकट हिरवा दिसला की थांबावे. बाहेरची पाने काढून गाभ्याभोवती दोन-तीन रांगा ठेवाव्यात, काप तासभर सुकू द्यावा आणि नुसत्या ओलसर व्हर्मिक्युलाइट-पर्लाइटमध्ये, अगदी लहान कुंडीत, रोप बसवून पिशवीत ठेवावे. मुळे फुटायला महिना ते दीड महिना लागतो. तपकिरी डाग गाभ्यापर्यंत गेला असेल तर रोप वाचत नाही; तेव्हा त्यावर वेळ न घालवता कडेचे एखादे निरोगी पान वाचवावे. दीड इंच देठ ठेवून तिरका काप द्यावा आणि देठ अर्धा-पाऊण इंच खोल लावावे. दोन-तीन महिन्यांत देठाच्या बुडाशी पिल्ले दिसू लागतात. खरे तर मान पुरण्यासाठी कुंडी बदलताना जी निरोगी पाने काढतो, त्यांतले एक दरवेळी असे लावून ठेवावे. नंतर रोपाला काही झाले तरी जात हातची जात नाही.

उजेडाबद्दल फार लिहीत नाही. भरपूर पण गाळलेला उजेड, आणि पहिले दोन आठवडे नेहमीपेक्षा थोडा कमी. एलईडी दिव्याखाली ठेवत असाल तर पानांपासून तीस सेंटिमीटर, रोज दहा-बारा तास. रात्री किमान आठ तास अंधार हवा. देठ लांबून पाने वर उभी राहू लागली तर उजेड कमी पडतो. गाभा आखडून पाने फिकट, कडक झाली तर जास्त होतो. तापमान १८ ते २६ अंश सेल्सिअस असले की रोप लवकर सावरते. मुळे धरल्यावर दर तीन-चार दिवसांनी कुंडी पाव फेरा फिरवावी, म्हणजे घेर एकसारखा राहतो.

कळ्या काढून टाकाव्यात, हे ऐकून अनेकांना वाईट वाटते, पण त्यात तडजोड करू नये. कुंडी बदलताना असलेली फुले आणि त्यानंतरच्या सहा ते आठ आठवड्यांत येणाऱ्या कळ्या, सगळ्या दिसताच चिमटून टाकाव्यात. फूल पोसायला लागणारी ताकद या काळात मुळांकडे जायला हवी. कळी काढताना तो पानाच्या बगलेतला फुटवा तर नाही ना, हेही पाहावे. फुटव्याला आधी दोन-चार इवली पाने दिसतात, कळीच्या दांड्याला टोकाशी कळ्यांचा झुबका. फुटवाही काढायचाच, नाहीतर रोपाला दोन गाभे होऊन घेर बिघडतो.

खत चार आठवडे नाही. ताज्या जखमांवर खताचे क्षार गेले की मुळांची टोके करपतात. नवी पाने वाढू लागली की २०-२०-२० सारखे (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेले) समतोल, पाण्यात विरघळणारे खत, चार ते पाच लिटर पाण्याला पाव छोटा चमचा इतके पातळ करून द्यावे. युरियाचा नत्र जास्त असलेले खत टाळावे. मातीविरहित ताज्या मिश्रणात अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू कमी असतात आणि युरियापासून तयार होणारा अमोनिया साचून मुळांना जाळतो. पाकिटावर नत्राचे प्रकार लिहिलेले असतात, ते वाचावे. कुंडीच्या काठावर किंवा त्याला टेकलेल्या देठांवर पिवळट-तांबूस खपली दिसली तर क्षार साचले असे समजावे. काठ पुसून, वरून भरपूर कोमट पाणी घालून ते तळातून वाहू द्यावे. नेहमी खालून पाणी देणाऱ्यांनी हे दर महिन्या-दोन महिन्यांनी करावेच, कारण खालून चढणारे पाणी क्षार वर आणून ठेवते.

वात लावलेल्या किंवा आपोआप पाणी घेणाऱ्या कुंड्या चांगल्या असतात, पण मुळे कापलेले रोप त्यांवर लगेच ठेवू नये. पिणारी मुळेच नसताना वात पाणी ओढत राहते आणि मिश्रण सतत चिंब राहते. वात रोप लावतानाच कुंडीत ओवून ठेवावी, पाण्याशी मात्र चार आठवड्यांनी जोडावी. वात सुती नको, ती कुजते. ॲक्रिलिकचा किंवा नायलॉनचा दोरा घ्यावा. अशा कुंडीसाठी मिश्रणात निम्मे पर्लाइट हवे.

किडींपैकी दोन या काळात विशेष दिसतात. ओल्या मिश्रणावर घिरट्या घालणारी बारीक काळी चिलटे स्वतः त्रास देत नाहीत, त्यांच्या अळ्या कोवळी मुळे कुरतडतात. वरचा थर सुकू द्यावा, पिवळे चिकट कार्ड लावावे. दुसरी कीड म्हणजे मुळांवरचा पिठ्या ढेकूण. जुनी कुंडी काढताना मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरा, मेणचट थर दिसतो आणि बरेच जण त्याला पर्लाइट समजतात. चिमटीत दाबून पाहावे. पर्लाइट कुरकुरत भुगा होते, ढेकूण मऊ फुटतो. तो दिसला तर रोप बाकीच्यांपासून दूर ठेवावे, जुने मिश्रण फेकावे आणि कुंडी गरम पाण्याने धुवावी.

आपल्या सदरात या रोपावर पुन्हा लेख येईल तेव्हा लावण्याच्या कृतीबरोबर हे पुढचे आठवडेही छापावेत, अशी विनंती आहे. जागा कमी असेल तर बाकी वगळले तरी चालेल. निरोगी आणि कुजलेल्या मुळांची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी द्यावीत आणि खाली एवढेच लिहावे : पाने मलूल दिसली तर आधी कुंडी उचलून पाहा, पाण्याचे भांडे नंतर.

कळावे,
एक वाचक